पार्टी पेमेंट अडकवतेय: आधी काय बघायचं, कायदा कुठे लावायचा आणि वकिलाकडे कधी जायचं

भोसरी एमआयडीसीत आमचं तीन व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं) वर्कशॉप आहे. माल वेळेत द्यायचा आणि पैशासाठी चार-चार महिने हिंडायचं हे दुखणं मला पहिल्या वर्षापासून आहे, आणि स्वतःची बिलं सोडवता सोडवता आता शेजारचा पावडर कोटिंगवाला, समोरचा शीटमेटलवाला, फिक्श्चर करणारा एक मित्र असे सगळे फाईल बगलेत मारून माझ्याकडे येतात. दर वेळी तेच तेच बघावं लागतं म्हणून एकदाचं लिहून काढतोय. मी वकील नाही आणि सीए पण नाही, त्यामुळे कुठे हात काढून घ्यायचा तेही खाली सांगितलंय.

लक्षणं

सगळ्या उशिरांचं कारण एक नसतं, त्यामुळे पार्टी नेमकं काय बोलते ते आधी लिहून ठेवा.

"बिल सिस्टीममध्ये दिसत नाहीये" असं अकाउंट्सवाला म्हणाला तर बहुतेक वेळा घोळ कागदात असतो, नियतीत नाही. "जीआरएन झालाय पण क्वालिटीने क्लिअर केलं नाही" म्हणजे माल आल्याची स्टोअरची नोंद (जीआरएन) झाली, पण स्टोअर आणि क्वालिटीच्या मध्ये तुमचा माल लोंबकळतोय. बाकीची सगळी बिलं येतात आणि एकच मोठं बिल राहतं, तर त्या बिलात काहीतरी वेगळं आहे, बहुतेक रेट. मध्येच पन्नास हजार, एक लाख असा गोल आकडा जमा होतो आणि कुठल्या बिलाचे ते कळत नाही, म्हणजे तुमचं आणि त्यांचं लेजर (खात्याचा उतारा) जुळत नाही किंवा त्यांच्याकडेच पैसे नाहीत. चार महिन्यांनी अचानक रिजेक्शनची डेबिट नोट (माल खराब म्हणून बिलातून पैसे कापल्याचा कागद) येते. "आमच्या कस्टमरकडून आले की तुमचे सोडतो." आणि सगळ्यात वाईट म्हणजे परचेसवाला नवीन माल मागायला रोज फोन करतो पण पेमेंटचा विषय निघाला की मीटिंगमध्ये असतो. शेवटच्या दोन लक्षणांत कागद दुरुस्त करून फारसं काही होत नाही, तरी खालचं सगळं करायचंच कारण पुढे तोच पुरावा आहे.

सगळ्यात स्वस्त: आपलं बिल आपणच नीट वाचा

पैसे शून्य, वेळ दहा मिनिटं. आपल्याकडे गुरुवारी सुट्टी असते पण पार्टीचं हेड ऑफिस चालू असतं, तेव्हा हे गुरुवारी सकाळी करा म्हणजे लगेच फोनही करता येतो.

पीओ (परचेस ऑर्डर) नंबर बरोबर आहे का, पीओतला रेट आणि बिलातला रेट एकच आहे का, क्वांटिटी पीओच्या बाहेर गेली नाही ना, माल ज्या प्लांटला गेला तोच बिलावर आहे का. मोठ्या कंपनीत पीओ, जीआरएन आणि बिल हे तीन जुळले तरच बिल पुढे सरकतं, एक रुपयाचा फरक असला तरी ते पार्क होऊन बसतं आणि तुम्हाला कोणी सांगत नाही. माझं एक बिल साडेतीन महिने असंच पडून होतं. परचेसच्या साहेबांनी वाढीव रेट व्हॉट्सअॅपवर ओके केला होता, मी खूश होऊन नवीन रेटने बिल टाकलं, सिस्टीममध्ये पीओ जुन्याच रेटचा. साहेब तोपर्यंत नोकरी सोडून गेलेले. तेव्हापासून पीओची अमेंडमेंट हातात आल्याशिवाय मी नवीन रेटचा माल गेटबाहेर काढत नाही.

मग जीएसटी. तुमचं बिल त्यांच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या क्रेडिटच्या तक्त्यात) दिसलं नाही तर त्यांना त्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही आणि अकाउंट्सवाला अख्खं बिल दाबून ठेवतो. आपल्यातले बरेच जण तिमाही रिटर्नच्या स्कीममध्ये आहेत, त्यांची पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफमध्ये (महिन्याची बिलं आधीच टाकायची पोर्टलवरची सोय) पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकली नाहीत तर पार्टीला ती थेट तिमाही संपल्यावर दिसतात. तुमच्या सीएच्या ऑफिसातला मुलगा हे विसरतो, त्याला दर महिन्याला आठवण करा. आणि टर्नओव्हर ५ कोटींच्या वर गेला असेल तर ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं, त्याशिवायचं बिल कायद्याने बिलच धरत नाहीत.

निम्म्याहून जास्त केसेस इथेच सुटतात, हा माझा अनुभव. लोकांना कायद्याची भीती घालायची घाई असते आणि चूक आपल्याच बिलात निघते, मग पुढच्या वेळी आपल्या पत्राला कोणी विचारत नाही.

दुसरं: माल कधी पोचला याचा कागद

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो कारण कायद्याचं घड्याळ इथून चालू होतं.

२००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा आहे, त्याचं कलम १५ असं सांगतं की लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, पण ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. हे १५ दिवसांचं खूप जणांना माहीतच नसतं, सगळे सरसकट ४५ धरून बसतात. मोजायचं ते माल स्वीकारल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नाही, आणि "महिना संपल्यापासून ४५" असलं तर अजिबात नाही.

आता स्वीकारला म्हणजे काय? माल पोचल्यापासून १५ दिवसांत पार्टीने लेखी तक्रार केली नाही तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं कायदा मानतो. म्हणजे चार महिन्यांनी आलेल्या रिजेक्शनच्या डेबिट नोटचा जीव इथे जातो, निदान मुदत मोजण्यापुरता तरी. पण १५ दिवसांच्या आत मेलवर एक ओळ जरी आली असेल की अमुक डायमेन्शन आउट आहे, तर ती तक्रार तुम्ही दूर कराल त्या दिवसापासून मोजणी. म्हणून रिवर्क करून दिलं की लगेच मेल टाका, "आज अमुक चलनाने रिवर्क केलेला माल दिला", नाहीतर तुमचं घड्याळ बंदच राहतं.

तर तपासायचं काय: चलनावर त्यांच्या गेटचा शिक्का, तारीख आणि सही आहे का. तीनही. टेम्पोवाला घाईत असतो, शिक्का पुसट येतो, तारीख नसते. आमच्याकडे नियम आहे, टेम्पोवाल्याने शिक्का मारलेल्या चलनाचा फोटो गेटवरूनच पाठवायचा, फोटो आल्याशिवाय भाडं नाही. सुरवातीला तो वैतागला, आता न सांगता पाठवतो.

तिसरं: उद्यम रजिस्ट्रेशन आहे, पण कसलं आहे?

उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. "आहे की" असं सगळे म्हणतात. सर्टिफिकेट काढून बघा. (पुण्याचा नंबर उद्यम-एमएच-२६ ने सुरू होतो.) उशिरा पेमेंटचं हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच आहे, मध्यम असाल तर नाही. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्यात, सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक अडीच कोटी आणि टर्नओव्हर १० कोटींपर्यंत, लघु म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत, त्यामुळे आधी मध्यममध्ये गेलेले काही जण आता परत लघुमध्ये आलेत, त्यांनी जरूर बघावं.

दुसरं म्हणजे तुमची अॅक्टिव्हिटी. नुसता ट्रेडिंगचा धंदा असेल तर २०२१ पासून उद्यम मिळतं खरं पण त्याचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता, ४५ दिवसांचं हत्यार ट्रेडरला मिळत नाही. आणि तारीख बघा. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये महाकाली फूड्सच्या केसमध्ये सांगितलंय की माल दिल्यावर नंतर रजिस्ट्रेशन काढून जुन्या मालासाठी फायदा मागता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका भावाने बिल अडकल्यावर रजिस्ट्रेशन काढलं होतं, काय सांगणार त्याला. रजिस्ट्रेशन फुकट आहे, आधारवर होतं, एजंटला दोन-तीन हजार देऊ नका.

नंबर बिलावर छापा आणि सर्टिफिकेट पार्टीला मेल करून ठेवा. "तुम्ही एमएसएमई आहात हे आम्हाला माहीत नव्हतं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय.

चौथं: पीओच्या मागची बारीक अक्षरं

"पेमेंट ९० डेज" छापलेलं असतं आणि आपण सही केलेली असते, म्हणून लोक गप्प बसतात. कायद्यापुढे ते ९० चालत नाहीत, ४५ च धरायचे. पण पीओत ३० लिहिलं असेल तर मुदत ३० च. एवढंच, पुढे चला.

पाचवं: लेजर जुळवा, आणि टीडीएस बघा

पार्टीकडून लेजर मागवा आणि बिलावार टिक मारा. गोल आकड्यात आलेले पैसे कुठल्या बिलापोटी धरले ते लेखी विचारा, नाहीतर ते जुन्या बिलात धरतात का नवीन यावरून पुढे व्याजाचा हिशोब बदलतो.

एक युक्ती सांगतो. जॉबवर्कच्या बिलावर पार्टी टीडीएस कापते. तुमच्या २६एएस मध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सचा इन्कम टॅक्सचा उतारा) त्या बिलाचा टीडीएस दिसत असेल तर बिल त्यांनी बुक केलंय, मग "सिस्टीममध्ये दिसत नाही" ही थाप आहे. तिमाहीचं रिटर्न भरल्यावर दिसतं त्यामुळे थोडं उशिरा कळतं, पण एकदा मी फोनवर शांतपणे म्हणालो, "साहेब, बिल दिसत नाही म्हणता, मग टीडीएस कशावर कापला?" पलीकडे जरा वेळ शांतता, आणि त्याच आठवड्यात पेमेंट.

वर्षातून एकदा सही-शिक्क्याचं बॅलन्स कन्फर्मेशन घ्या. वसुलीची मुदत साधारण तीन वर्षं, आणि ती संपायच्या आत पार्टीने लेखी बाकी मान्य केली तर तिथून नवीन तीन वर्षं मिळतात. मैत्रीत मागायला लाज वाटते, पण ऑडिटरने मागितलंय म्हणायचं, कोणाला वाईट वाटत नाही.

सहावं: कायद्याचं पत्र, पण योग्य महिन्यात आणि योग्य माणसाला

इथपर्यंत सगळं नीट आहे आणि तरी पैसे येत नाहीत, तर आता मेल. परचेसला नको, त्याच्या हातात काही नसतं. फायनान्स हेडला आणि जमलं तर त्यांच्या ऑडिटरला कॉपी. भाषा साधी ठेवायची, "साहेब, अमुक चलन, अमुक तारखेला माल मिळाला, मुदत अमुक तारखेला संपली, आमचा उद्यम नंबर हा, कृपया दहा दिवसांत पेमेंट करावं", आणि खाली चार गोष्टी ज्या त्यांना स्वतःला टोचतात.

एक, व्याज. कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ, करारात काहीही लिहिलेलं असो. समजा २ लाखांचं बिल, १० जून २०२४ ला माल दिला, ४५ दिवस २५ जुलैला संपले आणि पैसे आले २५ जानेवारी २०२५ ला. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, तिप्पट म्हणजे २०.२५, सहा महिन्यांचं व्याज साधारण २१,१०० रुपये. रेट बदलत असतो, हिशोब करताना त्या त्या काळातला धरा. शिवाय हे दिलेलं व्याज पार्टीला इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून धरता येत नाही.

दोन, इन्कम टॅक्सचं ४३बी(एच). २०२३ च्या फायनान्स अॅक्टने आलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चलाही बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच मिळतो. म्हणजे १० लाख बाकी ठेवले तर नफा कागदावर १० लाखांनी वाढतो आणि त्यावर टॅक्स भरा. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आलाय, त्यात कलमाचा आकडा वेगळा आहे पण तत्त्व तेच, आणि अकाउंट्सवाले अजून ४३बी(एच) च म्हणतात. गंमत अशी की ४५ दिवसांची मुदत असेल तर फेब्रुवारीच्या मध्यानंतर दिलेल्या मालाची मुदत ३१ मार्चच्या पलीकडे जाते, तिथे हे लागतच नाही. म्हणून माझं पत्र जानेवारीत जातं, जुन्या बिलांची यादी लावून. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाठवाल तर त्यांच्याकडे तुमच्यासारखे पन्नास जण रांगेत असतात.

तीन, पार्टी कंपनी असेल तर ४५ दिवसांवर थकलेली अशी देणी तिला वर्षातून दोनदा, एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरअखेर, एमएसएमई-१ फॉर्ममध्ये सरकारला कळवावी लागतात, उशिराचं कारण लिहून. प्रोप्रायटर किंवा पार्टनरशिपला हे नाही, उगीच लिहून हसं करून घेऊ नका.

चार, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर पार्टीला जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट व्याजासकट उलटवावं लागतं. यासाठी तुमचं उद्यम असायचीही गरज नाही, त्यामुळे ट्रेडर मंडळींनो, तुमच्या हातात निदान हे आहे.

एक धोका सांगून ठेवतो. ४३बी(एच) नवीन आलं तेव्हा काही पार्ट्या म्हणायला लागल्या की उद्यम सरेंडर करा नाहीतर ऑर्डर बंद. आमच्या गल्लीत दोघांनी खरंच विचार केला होता. माझं मत स्पष्ट आहे, रजिस्ट्रेशन सोडायचं नाही, हवं तर त्या पार्टीचा माल कमी करायचा. जी पार्टी ४५ दिवसांत पैसे देणार नाही हे आधीच सांगते ती उद्या १५० दिवसांतही देणार नाही.

सातवं: ट्रेड्स

ट्रेड्स म्हणजे बिलावर बँकेकडून आधीच पैसे उचलायची ऑनलाइन सोय. पार्टी मोठी आहे, भांडायचं नाही, पण पगाराला पैसे हवेत, अशा वेळी. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट असे प्लॅटफॉर्म आहेत, पार्टीने तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका बोली लावतात आणि डिस्काउंट कापून पैसे काही दिवसांत देतात, पुढे पार्टीने बँकेचे बुडवले तरी बँक तुमच्याकडे येत नाही. २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी सक्तीची, बिल मान्य करणं नाही, तिथेच गाडी अडते. विचारून बघायला काही जात नाही.

आठवं: कौन्सिल

आता हा अवघड भाग. उशिरा पेमेंटची तक्रार टाकायचं एमएसएमई समाधान पोर्टल २०१७ पासून आहे आणि २०२५ मध्ये ऑनलाइन वाद निवारणाचं ओडीआर पोर्टलही आलं. अर्ज फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा पेमेंटचे वाद सोडवणारी सरकारी समिती) जातो, पुण्याची कौन्सिल उद्योग सहसंचालकांच्या ऑफिसकडून चालते. चांगली गोष्ट ही की कौन्सिल माल देणाऱ्याच्या गावची, म्हणजे पार्टी होसूरची असो की पंतनगरची, केस पुण्यात. आधी समेटाचा प्रयत्न, नाही जमलं तर लवाद. निकाल लागल्यावर पार्टीला तो कोर्टात उलटवायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हा या कायद्याचा खरा दात आहे.

कायद्यात ९० दिवस लिहिलेत. ९० दिवसांच्या भरवशावर मशीनचा हप्ता ठरवू नका. आणि केस टाकली की ती पार्टी गेली असं समजूनच टाका. मी स्वतः दोनदाच टाकली, एकदा नोटीस पोचल्यावरच मुद्दल आली आणि व्याज सोडून मी मिटवलं, दुसऱ्यात लवादापर्यंत गेलो आणि तिथून वकील लावला.

इथे थांबा, स्वतः काही करू नका

चेक बाऊन्स झाला असेल तर त्याच दिवशी वकिलाला फोन. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते, ती तारीख गेली की कलम १३८ (चेक बाऊन्सची फौजदारी केस) हातातून गेलं. पार्टीच्या गोड बोलण्यात हे ३० दिवस घालवणारे मी खूप बघितलेत.

पार्टीने १५ दिवसांच्या आत लेखी क्वालिटीची तक्रार केलीय किंवा लाईन बंद पडल्याचं नुकसान तुमच्यावर टाकलंय, तर पुढचा एकही मेल स्वतः लिहू नका, रागात लिहिलेली एक ओळ नंतर तुमच्याच विरुद्ध वाचली जाते. तीन वर्षं पूर्ण व्हायला आली असतील तर थांबू नका. पार्टी दिवाळखोरीत गेल्याचं कळलं तर तिथे क्लेम वेगळ्या अर्जाने आणि ठरलेल्या मुदतीत लावावा लागतो, पत्रं पाठवून उपयोग नाही. तुम्हीच त्यांना दिवाळखोरीत ओढायचं म्हणत असाल तर बाकी किमान १ कोटी लागते. इरेक्शन, सिव्हिल, फॅब्रिकेशन बसवून देण्याची कामं वर्क्स कॉन्ट्रॅक्टमध्ये मोडत असतील तर हा कायदा लागू नाही असे मुंबई हायकोर्टाचे निकाल आहेत, तेव्हा कौन्सिलकडे जायच्या आधी विचारून घ्या. आणि व्याज मिळालं तर सीएला सांगा, त्यावरही जीएसटी लागतो.

वकिलाकडे जाताना पीओ अमेंडमेंटसकट, शिक्क्याची चलनं, बिलं, उद्यम सर्टिफिकेट, दोन्ही लेजर, २६एएस आणि सगळे मेल तारखेप्रमाणे लावून न्या. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट काढा पण मूळ चॅट डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या.